जी-१०, मायकार्टा आणि एफआरएन: ११ महिन्यांनी मुठीची पकड किती उरली

गेले ११ महिने तीन फोल्डिंग चाकू आलटून पालटून वापरतेय. तिघांची पाती जवळपास सारख्याच लांबीची आहेत, मुख्य फरक मुठीत. एक जी-१० (काचेच्या तंतूंचं कापड आणि रेझिन, म्हणजे घट्ट होणारा राळेसारखा पदार्थ), एक कॅनव्हास मायकार्टा (जाड सुती कापड आणि रेझिन) आणि एक एफआरएन, म्हणजे काचेचे बारीक तंतू मिसळलेलं नायलॉन. काम रोजचंच, खोकी फोडायची, पॅकिंगच्या पट्ट्या आणि दोर कापायचे, थोडं बागेतलं, आणि सायकलची चेन काढली की ग्रीसच्या हातानेच चाकू धरावा लागतो. स्टीलवर लोक पानंच्या पानं लिहितात पण मूठ काही महिन्यांनी कशी होते ते फार कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

जी-१० नवीन असताना हाताला अगदी कानशीसारखी लागते. काचेचं कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून, थरावर थर ठेवून, गरम करून दाबलेलं असतं, आणि वरचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलेला. कोरड्या हातात याच्याइतकी पकड दुसऱ्या कशालाच नाही, मूठ जागची हलत नाही. पण सलग अर्धा तास खोकी फोडली की अंगठ्याच्या मुळाशी कातडी लाल व्हायची, एकदा तर चांगला फोड आला आणि पुढचे चार दिवस चाकू डाव्या हातात. आणि खिसा! चाकू खिशाला अडकवायच्या क्लिपच्या खाली मूठ आणि कापड सतत घासतं, तिथे सव्वा महिन्यात जीन्सच्या खिशाची कड आधी पांढरी पडली, मग धागे सुटायला लागले. शेवटी क्लिप काढून ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवला आणि फक्त क्लिपखालची बोटभर जागा घासून गुळगुळीत केली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पकडीला काहीच फरक पडत नाही कारण तिथे बोट जोर देतच नाही. मात्र कोरडं घासू नका, ती धूळ काचेच्या तंतूंची असते आणि छातीत जायला नको, ओलं घासा आणि तरीही मास्क लावा.

आता ११ महिन्यांनी टॉर्च तिरका धरून बघितलं की झीज स्पष्ट दिसते, आणि ती सगळीकडे सारखी नाही हे मला फार इंटरेस्टिंग वाटलं. तर्जनी जिथे वळते ती कड आणि अंगठा जिथे टेकतो तेवढी जागा चकाकतेय, दाण्यांची टोकं बोथट झालीत पण मधल्या खोलगट जागा अजून तशाच आहेत, आणि मुठीचा मागचा भाग जवळजवळ नवा. पकड सुमारे तिसऱ्या महिन्यापर्यंत कमी होत गेली मग थांबली, आणि खरं सांगायचं तर आत्ताची जी-१० मला नव्यापेक्षा आवडते, हात सोलत नाही आणि घट्टही बसते.

एफआरएन साच्यात ओतून बनवतात, त्यामुळे टेक्स्चर म्हणजे साच्यात जे कोरलंय तेच. माझ्या चाकूवर बारीक उंचवट्यांच्या रांगा आहेत, अर्ध्या पुढे झुकलेल्या, अर्ध्या मागे. वजन तिघांत सगळ्यात कमी, हाताला खिशाला काही त्रास नाही. पण उंचवट्यांची टोकं झिजली की प्लास्टिकसारखी चमक येते आणि तिथे पकड खरंच कमी होते, शिवाय घासून परत खडबडीत करायला गेलं तर नायलॉनला लव सुटते, नीट फिनिश येत नाही. जी-१० परत ब्लास्ट, म्हणजे बारीक कणांचा मारा करून खडबडीत, करता येते, इथे तशी सोय नाही. स्क्रू फार आवळू नका, काही डिझाइनमध्ये ते थेट नायलॉनमध्येच बसतात आणि आटे गेले की गेले.

तरीही ग्रीसच्या हाताला एफआरएनच सगळ्यात भरवशाची निघाली, हे मला अपेक्षितच नव्हतं. जी-१० चे दाणे बारीक, त्यांच्यात ग्रीस भरलं की वर सपाट थर तयार होतो आणि सगळा खरखरीतपणा त्याखाली गाडला जातो. उंचवटे मोठे असले की बोटांचं मांस मधल्या फटीत शिरतं, तेल असलं तरी अडकतं. म्हणजे हाताला किती टोचतं यावरून पकड ठरवू नये, हात कसा असणार आहे त्यावर ठरवावं.

अजून एक गोष्ट वापरताना कळली. चाकू दोन प्रकारे निसटतो, एक हात पुढे पात्याकडे सरकतो, दुसरं मूठ हातातल्या हातात फिरते. पुढे सरकणं अडवायचं काम मुख्यतः मुठीच्या आकाराचं, बोटाच्या खाचेचं, त्या पुढच्या उंचवट्याचं. टेक्स्चर खरं कामाला येतं ते मूठ फिरू न देण्यासाठी. पावसात जाड नायलॉनचा दोर कापताना एफआरएनची पातळ मूठ माझ्या हातात चक्क फिरली, पातं तिरकं गेलं, नशिबाने दोरालाच लागलं. तेव्हापासून ओल्या कामाला मायकार्टाच घेते.

मायकार्टा म्हणजे कापड आणि फिनॉलिक रेझिन. हे नाव वेस्टिंगहाऊसचं, १९१० च्या आसपासचं, आणि ते बनवलं होतं विजेच्या इन्सुलेशनसाठी. जी-१० चंही मूळ तिकडचंच, सर्किट बोर्डांचं एफआर-४ हे तिचं सख्खं भावंड. म्हणूनच दोन्ही लाकडासारखी पाण्याने फुगत नाहीत, तडकत नाहीत, ११ महिन्यांत मुठीच्या पट्ट्या आणि लायनर, म्हणजे त्यांच्या आतले धातूचे पत्रे, यांच्यामध्ये केसभर फट पडलेली नाही.

पॉलिश न केलेल्या मायकार्टाच्या वरच्या थरात सुती धागे उघडे असतात, कोरड्या हाताला अगदी जाड कापडासारखे लागतात. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं की यात काही दम नाही, जी-१० पुढे फारच मवाळ. मग हात ओला झाला आणि मत बदललं, धागे थोडं पाणी ओढून घेतात, लव उभी राहते आणि मूठ कोरडीपेक्षा ओलीच जास्त धरून राहते. रंग हिरवट होता तो हाताच्या तेलाने आता गडद शेवाळी झालाय, तर्जनीच्या जागी जवळजवळ काळा, आणि धाग्यांचं विणकाम तिथे जास्त उठून दिसतं. मला तो रंग फार आवडतो.

फक्त हात तेलकट राहिले तर हीच मूठ महिनाभरात मेणासारखी गुळगुळीत लागायला लागते, ते झिजणं नाही, धाग्यांत मळ आणि तेल बसलेलं असतं. भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, दोन मिनिटं गोल गोल घासलं की तपकिरी पाणी निघतं, मग रात्रभर पातं उघडं ठेवून वाळवायचं आणि सांध्यात थेंबभर तेल. सकाळी रंग फिका दिसतो आणि पकड परत येते. मूठ छान गडद दिसावी म्हणून काहीजण मुद्दाम तेल चोळतात, माझ्या मते ते करू नये, ज्या धाग्यांसाठी मायकार्टा घेतला तेच भरून टाकल्यासारखं होतं. मी आतापर्यंत पाचदा धुतलीय, शेवटची गेल्या रविवारी, आणि अंगठ्याखाली विणकाम अजून हाताला लागतंय.