फ्लॅट विकणाऱ्याची थकबाकी आणि आमचा इसार

सांगलीत विश्रामबागला फ्लॅट बघत होतो. विकणारा हळदीच्या व्यापारातला, बोलायला अतिशय सभ्य. "मुलगा पुण्याला स्थायिक झालाय, आम्हा दोघांना एवढी जागा काय करायची?" म्हणाला. फ्लॅटवर कर्ज आहे का, असं वडिलांनी तोंडावर विचारलं. "एक रुपयाचं नाही, काका," म्हणत त्यानं वकिलाचा शोध अहवाल, म्हणजे मालमत्तेवर कुणाचा बोजा आहे का हे नोंदी तपासून सांगणारा कागद, समोर ठेवला. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं सांगून इसाराची घाई केली. पाच लाख आरटीजीएसनं दिले, नोटरी करून इसार पावती झाली.

आमच्या गृहकर्जासाठी बँकेच्या वकिलांनी मूळ खरेदीखत मागितलं आणि टोलवाटोलवी सुरू झाली. कधी कागद मुलाकडे, कधी लॉकरची किल्ली सापडेना. शेवटी फ्लॅटच्या दारावर एका बँकेची ताबा नोटीस लागली. मूळ कागद तारण ठेवून त्यानं धंद्यासाठी कर्ज उचललं होतं, आणि आम्हाला दाखवलेला अहवाल त्या कर्जाच्या आधीचा होता! आणखी दोघांकडूनही त्यानं असाच इसार घेतला होता. नोटरी केलेली पावती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली नसते, त्यामुळं एकाला दुसऱ्याचा पत्ता लागत नाही.

थकीत कर्जाचं तारण बँकेला ताब्यात घेऊ देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्यात बँक आधी 60 दिवसांची मागणी नोटीस देते. ती मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण मालमत्ता विकता येत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमच्याशी गोड बोलत होता तेव्हा ती नोटीस त्याच्या घरात होती. याचीच चीड येते.

म्हणून विकणाऱ्याशी निवांत बसून बोला. "कर्ज आहे का?" याला "नाही" म्हणणं सोपं असतं. मूळ कागद कुठं आहेत, आज बघायला मिळतील का, हे विचारा. रंगीत झेरॉक्स चालवून घेऊ नका. धंदा कसा चाललाय, आलेले पैसे कुठं भरणार, इसार आठवड्यातच का हवा, हेही विचारा. आणि आपल्याकडे हमखास राहून जाणारा प्रश्न: कुणाला जामीन राहिलाय का? पतसंस्थेचं कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम 101 खालचा वसुली दाखला जामीनदारावरही निघतो, आणि त्याच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

कर्ज असलेला प्रत्येक जण लबाड नसतो. अडचणीतला प्रामाणिक माणूस कर्जाचा खातेउतारा स्वतःहून दाखवतो. तिथं बँकेकडून येणे रकमेचं पत्र घ्या, पैसे थेट कर्जखात्यात भरा. शोध अहवाल मात्र आपल्या वकिलाचा आणि ताजाच हवा.

आम्ही तिघांनी मिळून पोलिसांत तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल झालाय, पैसे अजून मिळालेले नाहीत. त्याच माणसाचा शहरातला एक गाळाही विक्रीला निघालाय असं कळतं. सांगलीत गाळा बघत असाल, तर मूळ खरेदीखत हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.