जिल्ह्याची नाकाबंदी की येणाऱ्यांचं विलगीकरण?

पुढची साथ आली की ग्रामपंचायतीच्या आणि तालुक्याच्या बैठकीत हाच प्रश्न पुन्हा निघेल. रस्ते अडवायचे, की माणसाला येऊ देऊन काही दिवस वेगळं ठेवायचं? १८९७ च्या साथरोग कायद्यात प्रवाशांची तपासणी आहे आणि त्यांना वेगळं ठेवणंही आहे. पण हाताशी माणसं मोजकीच असतात, त्यामुळे जोर एकावरच द्यावा लागतो.

नाकाबंदी निरुपयोगी नाही. रुग्ण दर ४ दिवसांनी दुप्पट होत असतील आणि बाहेरून येणारे बाधित निम्मे झाले, तर साथ सुमारे ४ दिवस पुढे ढकलली जाते. दहातले नऊ अडवले तर साधारण १३ दिवस. खाटा आणि ऑक्सिजन लावायला तेवढा वेळ मोलाचा असतो. मात्र हे गणित स्थानिक संसर्ग सुरू होण्याआधीचं आहे. वुहान २३ जानेवारी २०२० ला बंद झालं, पण संसर्ग आधीच बाहेर पडला होता. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार चीनमधली साथ त्यामुळे ३ ते ५ दिवसच पुढे ढकलली गेली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला सीमाबंदी मानवली, कारण मध्ये वाळवंट आणि रस्ते मोजके.

नागपूरचं तसं नाही. जिल्ह्यात शिरायच्या वाटाच कितीतरी: देवलापार, सावनेर, कोंढाळी, बुटीबोरी, मौदा, भिवापूर, शिवाय आता समृद्धी महामार्ग आणि रेल्वे. कळमना बाजाराचे ट्रक तर कोणत्याही बंदीत येणारच. नाक्यावर थर्मल गन धरली तरी मे महिन्याच्या उन्हात दुचाकीवाल्याचं कपाळ तापलेलं आणि एसी गाडीतल्याचं गार. पॅरासिटामॉल घेतलेला माणूस तर सहज सुटतो. कोविडमध्ये लक्षणांच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग देत होता, तेव्हा त्याला ना ताप, ना खोकला.

तरी माझं पारडं विलगीकरणाकडे झुकलं ते वेगळ्याच कारणाने. नाका माणसाला लपायला लावतो. पास मिळाला नाही म्हणून घरी परतायचं कुणी सोडत नाही, फक्त वाट बदलतो. पांदण रस्त्याने, भाजीच्या गाडीत बसून तो रात्री घरी पोचतो. सकाळी आशाताई दारात आल्या की घरचे सांगतात, कोणी आलं नाही. ताप आला तर गुन्हा दाखल होईल या भीतीने तो चाचणी टाळतो, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतो. त्याचं नाव यादीत चढेपर्यंत घरचे आणि शेजारी बाधित झालेले असतात, आणि पुढे कोणाला शोधायचं तेही कळत नाही. अडवलेल्यांचा आकडा रजिस्टरमध्ये दिसतो, निसटलेल्यांचा नाही.

विलगीकरणात निदान माणूस समोर असतो. आल्याबद्दल शिक्षा नाही, हे आधी दवंडी देऊन सांगावं. त्याच दिवशी नाव, मोबाईल, कुठून आला, सोबत कोण, हे लिहून घ्यावं. रोज फोन, एक दिवसाआड भेट. पहिल्याच दिवशी चाचणी केली तर निगेटिव्ह येऊन खोटा धीर मिळतो. कोविडसारख्या आजारात ५ ते ७ व्या दिवशीची जास्त कामाची. ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवत असेल तर नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयात पाठवायला उशीर नको.

हे बिघडतं संडासापाशी आणि मजुरीपाशी. दोन खोल्या आणि एक संडास असलेल्या घरात विलगीकरण कागदावरच राहतं, त्यांच्यासाठी जिल्हा परिषदेची शाळा उघडावी: खिडक्या उघड्या, पंखा, बायकांना वेगळी खोली आणि संडास, डबा वेळेवर. रोजंदारीवरच्या घरात रेशन पोचलं नाही, तर पाचव्या दिवशी माणूस कामावर निघतो. एप्रिल २०२१ मध्ये बसप्रवाशांच्या हातावर १४ दिवसांच्या गृहविलगीकरणाचा शिक्का मारायचा आदेश होता. शिक्का पुसला जातो. विचारपूस करायला कुणी येत असेल तरच विलगीकरण पाळलं जातं.

एकाच आठवड्यात शेकडो लोक परतले तर मात्र शाळा अपुऱ्या पडतात. तेव्हा ८-१० दिवस येणं मर्यादित ठेवणं मला चुकीचं वाटत नाही. डेंग्यूला दोन्ही उपाय जवळपास व्यर्थ, तिथे कूलर आणि टाक्या कोरड्या करणंच खरं.

नाका ठेवायचाच तर नोंदणीसाठी ठेवा. सावलीत टेबल, दोन माणसं, मास्क, एक वही; आणि त्या दिवसाची यादी संध्याकाळी सहाच्या आत गावच्या आशाताईंच्या फोनवर.