फायबरच्या डब्यावरचे दिवे : काही महिने वापरल्यानंतर

फायबर इंटरनेटच्या वेगाबद्दल भरपूर लिहून झालंय, म्हणून मी फक्त त्याच्या घरातल्या डब्यावरच्या (म्हणजे मॉडेमवरच्या) दिव्यांबद्दल लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते. बिघाड कुणाच्या हद्दीत आहे, हे दिवे चोख सांगतात. लाइन हळूहळू खराब होत असेल तर मात्र अगदी शेवटपर्यंत काही कळू देत नाहीत.

पॉन (PON, कंपनीशी फायबरने झालेली जोडणी) आणि लॉस (LOS, सिग्नल हरवल्याची खूण) हे दोन दिवे नेहमी जोडीने बघायचे. पॉन हिरवा आणि स्थिर असला म्हणजे पलीकडच्या ओएलटीने (कंपनीच्या टोकाच्या यंत्राने) आपला डबा ओळखून सामावून घेतलाय. तो लुकलुकत राहिला तर नोंदणी अडकली आहे. लॉसचं उलट आहे, तो विझलेलाच हवा. नवीन कनेक्शनवाले इथेच हमखास घाबरतात, कारण सगळे दिवे लागलेले असताना एकच बंद दिसतो. तो लाल झाला (बहुतेक डब्यांत लुकलुकतो) की प्रकाश पोचतच नाहीये किंवा पोचतोय तो वाचण्यापलीकडे क्षीण आहे. अशा वेळी कस्टमर केअर डबा बंद करून पुन्हा चालू करायला लावतं. करून बघा, पण वायर तुटली असेल तर त्याने काय होणार! पिवळी वायर डब्यात नीट बसली आहे का तेवढं पाहायचं आणि सरळ तक्रार नोंदवायची.

पॉन स्थिर, लॉस बंद, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला असेल, तर काच (म्हणजे फायबर) शाबूत आहे आणि भानगड लॉगिनची किंवा कंपनीच्या पुढच्या यंत्रणेची आहे. इथे डबा बंद-चालू करून खरंच काम होतं. मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट मात्र करू नका. लॉगिन आणि व्हीलॅनची (कंपनीच्या नेटवर्कशी जोडण्याची) सेटिंग पुसली जाते आणि मग माणूस येईपर्यंत बसून राहावं लागतं.

आता दिवे जे सांगत नाहीत ते. डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर असा एक आकडा असतो, डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) आणि उणे. लाइनमन ‘पॉवर किती येतेय’ विचारतात तो हाच. घरगुती जीपॉनच्या (घरोघरी फायबर पोचवायच्या तंत्राच्या) नेहमीच्या बी प्लस वर्गात डब्याला उणे २७ पर्यंतचा प्रकाश वाचता यायला हवा. आकडा दर ३ डीबीने खाली गेला की प्रकाश निम्मा होतो. माझ्याकडे सुरुवातीला उणे १९ होता, काही आठवड्यांत उणे २५ वर गेला. म्हणजे प्रकाश जेमतेम पाव उरला, आणि पॉन तसाच हिरवागार! स्पीड टेस्टही पूर्वीसारखीच. सिग्नल डिजिटल असल्यामुळे वाचता येतोय तोवर वेग पुरा मिळतो, आणि हद्द ओलांडली की एकदम तुटातूट सुरू होते. आणखी घसरल्यावर तसंच झालं. लॉस मध्येच लाल व्हायचा आणि परत विझायचा. तिकडून उत्तर, ‘मॅडम, आमच्याकडून सगळं ओके दिसतंय.’ आकडा सांगितल्यावर सूर बदलला.

दुरुस्तीला आलेल्या मुलाने पॅच कॉर्डच्या (डब्याला जोडलेल्या त्या पिवळ्या वायरच्या) टोकाला लाल लेझरचं पेन लावलं. टेबलामागे वायर भिंतीला दाबली गेली होती. तिथे पिवळ्या आवरणातून लाल ठिपका निखाऱ्यासारखा चमकत होता. प्रकाश तिथूनच गळत होता. बाहेरून येणाऱ्या काळ्या वायरवर ही युक्ती चालत नाही, काळं आवरण तो लाल उजेड बाहेर येऊच देत नाही. त्याने वायर मोकळ्या वळणात गुंडाळली, कनेक्टरचं टोक पुसलं, आणि आकडा उणे २० वर आला. घट्ट वळणात लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त गळतो. जीपॉनमध्ये आपल्याकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि जाणारा १३१० चा, त्यामुळे फटका आधी येणाऱ्याला बसतो.

हे दोन्ही प्रकाश अवरक्त असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. टोक काळं दिसतंय म्हणून त्यात डोकावून बघू नका. रिमोटचा प्रकाश फोनच्या कॅमेऱ्यात दिसतो, तो साधारण ९४० नॅनोमीटरचा. फायबरमधला याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश कॅमेऱ्यालाही दिसत नाही, तेव्हा ती चाचणी इथे बाद.

रंगांपैकी घरात लक्षात ठेवावा असा एकच, कनेक्टरचा. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवा निळ्याच्या खाचेत खटकन बसतो हीच पंचाईत आहे. टोकांमध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. म्हणून दुकानातून पॅच कॉर्ड आणताना लांबीच्या आधी टोकांचा रंग बघा, आणि वायर पिवळीच घ्या. पिवळी म्हणजे सिंगल मोड. नारिंगी किंवा अ‍ॅक्वा रंगाची मल्टिमोड असते. तिचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा, आपल्या वायरचा ९ च्या आसपास, त्यामुळे ती इथे कामाची नाही. जाड केबलच्या आत निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे बारा रंग ठरलेल्या क्रमाने येतात. ते स्प्लायसिंग (धाग्यांची जोडणी) करणाऱ्याला धागे ओळखता यावेत म्हणून. प्रकाशाला त्यांच्याशी देणंघेणं नाही.

लॅनच्या (केबलने जोडलेल्या संगणकाच्या) दिव्याबाबत कंपन्यांनी नुसता सावळागोंधळ घातलाय. माझ्या डब्यावर हिरवा म्हणजे गिगाबिट आणि पिवळसर म्हणजे १०० एमबीपीएस, दुसऱ्या बनावटीत वेगळं असू शकतं. पण तो पिवळा झाला तेव्हा खरंच उपयोग झाला. गिगाबिटला लॅन केबलच्या चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात. एक जोडी तुटली होती, केबल बदलली, मिटलं.

पाचपैकी साडेतीन. आकडा उणे २५ च्या खाली गेला की पॉन पिवळा व्हावा, एवढी साधी सोय कुणाला का सुचली नाही, कोण जाणे. आणि रात्री हे दिवे डोळ्यांवर येतात. दिवे बंद करायचं बटण आहे, पण माझ्या डब्यात त्याने लॉसही झाकला जातो. मी पॉन आणि लॉस मोकळे ठेवून बाकीच्यांवर काळी टेप लावली आहे.