लाल विंचू चावलेलं पोर: प्राझोसिनची गोळी की विंचूप्रतिविष?

सातारा जिल्ह्यातल्या माणमधल्या आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या मैत्रिणीने विचारलं, दोन्हींतलं काय हाताशी ठेवू?

वेळ आधी बघ. लाल विंचवाच्या विषाने पोर घामाने डबडबतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. तळवा हातात घेतला की कळतंच. तिथे प्राझोसिनची, म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी लगेच देता येते: किलोला ३० मायक्रोग्रॅम, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. साधीच गोळी, हळूहळू विरघळणारी नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही वाट दाखवली आणि कोकणातली कितीतरी पोरं वाचली.

खर्चात गोळीच स्वस्त. धोका? गोळीने रक्तदाब उतरतो. पोराला आडवंच ठेव, आईलाही कडेवर घेऊ देऊ नको. प्रतिविष शिरेतून जातं, रिअॅक्शन येऊ शकते, ती आवरणारं अॅड्रेनालिनचं इंजेक्शन तयार हवं. पण बावस्करांच्याच २०११च्या अभ्यासात दोन्ही मिळालेले रुग्ण नुसत्या गोळीवाल्यांपेक्षा लवकर सावरले.

वाडीवरच्या केंद्राला गोळी हवीच. प्रतिविष असेल आणि पोर लवकर आलं, तर दोन्ही दे. धाप लागली, फेसाळ खोकला आला, तर सलाईनचा मारा न करता ऑक्सिजनसह थेट साताऱ्याला पाठव.