मांजराची शिकार थांबवायची: घरात ठेवायचं, पट्टा बांधायचा की खाणं बदलायचं?

पोटभर जेवलेलं मांजर पक्षी का मारतं? कारण त्याची भूक आणि त्याची शिकारीची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटी भरलेली असली तरी समोर काही फडफडलं की ते दबा धरणारच. त्यामुळे नुसतं जास्त खायला घालून काही साधत नाही. ओरडून किंवा शिक्षा करूनही नाही. मग उरतात ते उपाय असे: मांजराला घरात ठेवणं, त्याला जाळीची बंदिस्त जागा देणं, गळ्यात काही बांधणं, खाणं आणि खेळ बदलणं, किंवा बाहेर जायच्या वेळा ठरवणं. यातलं आपल्याला काय जमेल, ते मांजरावर आणि घरावर अवलंबून आहे.

निवड करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. दारात आणून टाकलेला सरडा किंवा चिमणी म्हणजे पूर्ण हिशेब नव्हे. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 55 पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले. शिकार करणाऱ्या मांजरांनी पकडलेल्यापैकी जेमतेम चौथा हिस्सा घरी आणला. बाकीचं तिथेच खाल्लं किंवा मारून तिथेच टाकलं. म्हणून ‘आमचं मांजर कधीतरीच पकडतं’ हा अंदाज बहुधा कमीच असतो. 2013 साली अमेरिकेपुरता एक मोठा अंदाज प्रसिद्ध झाला: बाहेर फिरणारी मांजरं वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मारतात. त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे, हे खरं. पण आपल्या हातात आहे ते आपलं मांजर.

तोंडातून सोडवलेला पक्षी वाचला, असंही समजू नका. सुळ्याची खूण टाचणीच्या टोकाएवढी असते आणि पिसांखाली दिसतसुद्धा नाही. मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला जातीचे जीवाणू तेवढ्या जखमेतून आत जातात आणि वरून धडधाकट दिसणारा पक्षी एक-दोन दिवसांत मरू शकतो. असा पक्षी लगेच पशुवैद्याकडे न्यावा लागतो. शिकार होऊच न देणं त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

घरात, किंवा जाळीच्या आत

शिकार जवळपास पूर्ण थांबवणारा उपाय हा एकच. पिल्लू घरात येत असेल तर माझ्या मते दुसरा विचार करूच नये. ज्याने बाहेरचं जग पाहिलंच नाही ते मांजर घरात आनंदाने राहतं, आणि गाड्या, भांडणं, रोग यांपासूनही वाचतं. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात तर 1 जुलै 2022 नंतर जन्मलेली मांजरं मालकाच्या आवारातच ठेवावीत असा कायदा आहे.

बाहेरची सवय लागलेल्या मोठ्या बोक्याची गोष्ट वेगळी. एकदम कोंडलं तर तो दाराशी बसून ओरडतो, कधी भिंतींवर मुततो. तिथे मधला मार्ग चांगला: बाल्कनीला जाळी, किंवा खिडकीला जोडलेला मोठा जाळीचा पिंजरा. वरून उघडा ठेवू नका, मांजर चढून जातं. आत चढायला फळ्या, नखं घासायला लाकूड आणि बाहेरचं दिसेल अशी उंच जागा हवीच. नुसता रिकामा पिंजरा ही मांजरावर केलेली जबरदस्ती होईल.

गळ्यातली घंटी की रंगीत पट्टी?

घंटी स्वस्त, म्हणून बहुतेकांचा पहिला विचार तोच. पण शिकार करताना मांजर पाहा. पोट जमिनीला टेकलेलं, मान ताठ, पाऊल इतकं हळू की गवताचं पातंही हलू नये. चुळबुळ दिसते ती फक्त शेपटीच्या टोकाची. घंटी वाजते ती झेप घेताना, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. ब्रिटनमधल्या जुन्या पाहण्यांत घंटीने शिकार घटलेली दिसली होती. पण 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एक्सेटर विद्यापीठाच्या प्रयोगात, ज्यात 219 घरांतली 355 मांजरं होती, घंटीचा ठळक परिणाम दिसला नाही. मी घंटीवर विसंबणार नाही.

त्याच प्रयोगात पट्ट्यावर चढवलेल्या भडक रंगाच्या कापडी झालरीने घरी आणलेल्या पक्ष्यांची संख्या 42 टक्क्यांनी घटली. पक्ष्यांची रंगाची नजर फार तीक्ष्ण असते, त्यांना धोका लांबूनच दिसतो. उंदीर-चिचुंद्र्यांवर मात्र या झालरीचा काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे तुमचं मांजर मुख्यतः पक्षी आणत असेल तरच ही झालर घ्या. पट्टा ताण पडताच आपोआप सुटणाराच हवा, नाहीतर फांदीत अडकून फास बसेल. गळा आणि पट्टा यांत दोन बोटं जावीत.

खाणं आणि खेळ

मला सर्वांत आशा वाटते ती इथे, कारण यात मांजराकडून काही हिरावून घेतलं जात नाही. एक्सेटरच्याच प्रयोगात धान्य नसलेलं, मांसातून भरपूर प्रथिनं देणारं खाणं सुरू केल्यावर घरी येणारी शिकार 36 टक्क्यांनी कमी झाली. रोज पाच-दहा मिनिटं मांजराशी खेळल्याने 25 टक्क्यांनी. खेळ म्हणजे चेंडू फेकून आपण मोबाइल बघत बसणं नव्हे. काठीला दोरी, दोरीला पिसाचा झुबका. तो सोफ्यामागे लपवायचा, थांबवायचा, पुन्हा सरकवायचा. मांजराला टपू द्यायचं, झडप घालू द्यायची आणि शेवटी पकडू द्यायचं. त्यानंतर लगेच जेवण.

कोड्यासारख्या डब्यातून खाणं काढायला लावलं तर मांजराचं मन रमेल आणि शिकार कमी होईल, असं वाटतं. या प्रयोगात उलट झालं, शिकार 33 टक्क्यांनी वाढली. खाणं बदलताना जुन्यात थोडं थोडं नवं मिसळा, आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मांजरासाठी पशुवैद्याला विचारल्याशिवाय बदलू नका.

वेळा

रात्री आत ठेवल्याने उंदीर, चिचुंद्री, बेडूक वाचतात. पक्षी फारसे नाहीत, कारण ते रात्री झाडावर असतात. पक्ष्यांसाठी पहाट आणि संध्याकाळ सांभाळावी लागते.

एरवी मांजर बाहेर जाणारच असेल, तर निदान विणीचे आठवडे निराळे धरा. घरट्यातून नुकतं उतरलेलं पिल्लू धड उडू शकत नाही, झुडपाखाली बसून आईला हाका मारतं. त्याला रंग दिसून उपयोग नाही, घंटी ऐकूनही नाही. जर्मनीतल्या वालडोर्फ गावाच्या एका भागात 2022 साली तुरेवाल्या चंडोलांसाठी एप्रिल ते ऑगस्ट मांजरं घरात ठेवण्याचा आदेश निघाला, तो याच पिल्लांमुळे. आपल्या अंगणात घरटं दिसलं, आईबाप चोचीत किडे घेऊन ये-जा करू लागले, की त्या दिवसापासून पिल्लं नीट उडेपर्यंत दार बंद ठेवा, आणि खेळाची ती दहा मिनिटं वीस करा.