फादरकडे पापनिवेदन की थेट देवाकडे?
वसईच्या कॅथलिक मैत्रिणीचं लग्न प्रोटेस्टंट घरात ठरलंय, तर तिचा प्रश्न, पाप नक्की कुठे कबूल करायचं. खर्च दोन्हीकडे शून्य. मेहनत कॅथलिक पद्धतीत जास्त, गंभीर पापं वर्षातून एकदा तरी फादरना तोंडाने सांगायचीच, मग ते प्रायश्चित्त देतात, क्षमेचे शब्द बोलतात, आणि ऐकलेलं कुणालाच सांगू शकत नाहीत (छोट्या गावात हे फार मोठं!). प्रोटेस्टंटांत बहुतेक थेट प्रार्थनेत, सोपंय, पण स्वतःशी लबाडीला वाव जास्त असं मला वाटतं. पद्धत वेगळी असली तरी तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेनेच, आपल्या कमाईने नाही, यावर कॅथलिक आणि लुथरन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) चर्चची १९९९ ला संयुक्त घोषणाच झालीय. क्षमा झाली हे कानांनी ऐकायचं असेल तर फादर, मध्ये माणूस नकोच असेल तर थेट प्रार्थना.