पितळ देऊन अ‍ॅल्युमिनियम घेऊन आलो

१५,७५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला कितपत गाढव समजायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

गाडी वडिलांची, १९७४ ची फियाट, हँडगिअरची. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या सुमारास रेडिएटर खालून पाझरायला लागला. बोअरचं पाणी घालून घालून आत क्षार बसतो, नळ्या चोक होतात, हे मला ठाऊक नाही असं नाही. तीस वर्षं मीच ही गाडी सांभाळतोय. पण फेब्रुवारीत मुलीचं लग्न आणि नेहमीचे मिस्त्री गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी बसलेले. एकाने सांगितलं म्हणून दुसऱ्याच दुकानात गेलो.

"मालक, कोअर बदलावी लागंल. अस्सल तांबं-पितळ टाकतो, वरची-खालची टाकी तुमचीच ठेवतो."

कोअर, म्हणजे दोन टाक्यांमधली नळ्यांची जाळी, ११,८००, कूलंट १,८००, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, ६५०, मजुरी १,५००. ८,००० मोबाईलवरून दिले, ७,७५० रोख. रोख का, तर पक्कं बिल घेतलं की जीएसटी लागतो म्हणे. तेवढं वाचवायला गेलो.

तिसऱ्या दिवशी दुकानातलं पोरगं तयार रेडिएटर घेऊन बाहेर आलं. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत रेडिएटर, पिशवी धरावी तसा. माझा जुना रेडिएटर उतरवताना मला दोन्ही हात लावावे लागायचे. आणि मी काय म्हणालो? "वा, ताकद आहे की पोरात!" हे वाक्य अजून रात्री आठवतं. वरून काळा रंग ताजा, हाताला चिकटत होता. नखाने खरवडायचं होतं फक्त. पिवळं दिसलं तर पितळ, पांढरं दिसलं तर तुमचा मामा झाला. अ‍ॅल्युमिनियम काही विष नाही, नव्या गाड्यांत तेच असतं. पण मग पैसे पितळेचे कशाला घेतले? आणि माझ्या टाक्यांसकट अख्खा रेडिएटर भंगाराच्या भावाने गेला कुठे?

दोन महिने टेम्परेचरचा काटा वर चढेचना. मी खूश, इंजिन किती गार चालतंय! थर्मोस्टॅट काढून ठेवला होता, नवा बसवलाच नव्हता. इंजिन तापायला वेळ लागत असेल तर आनंद मानू नका, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, म्हणजे तो बसतो ते घर, उघडून बघा.

एप्रिलमध्ये लेक-जावयाला घेऊन तुळजापूरला निघालो. घाटात बॉनेटमधून वाफ. जावईबापू मागच्या सीटवर घाम पुसत "होतं असं जुन्या गाड्यांना" म्हणत होते, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं. तापलेली कॅप उघडू नका, तेवढी अक्कल मात्र मी दाखवली. टोइंग २,५००. हेड वाकलं, गॅस्केट गेलं, ९,४००. एकूण २७,६५०. कूलंट म्हणजे रंगवलेलं पाणी निघालं. घरच्या फरशीवर थेंब वाळले की पांढरं कडं उरायचं, ते बायकोने दोनदा दाखवलं होतं. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं, चिमटीत चोळून बघा. चव मात्र घेऊ नका, विषारी असतं. कॅनचं सील समोर फोडायला लावा.

चौकीत गेलो. साहेबांनी विचारलं, "गाडी तुमच्याच ताब्यात आहे ना? मग चोरी कुठं झाली?" रेडिएटर गेला म्हटलं. "रेडिएटर तर आहे की गाडीत." शेजारचे हवालदार हसले. दुसऱ्या दिवशी अर्ज नेला, तर तो लिहून घेणारे बंदोबस्तावर. तिसऱ्या दिवशी सल्ला मिळाला, ग्राहक न्यायालयात जा. चौथ्यांदा पोच मागायला गेलो, तर अर्जच सापडेना! ५१ वर्षांची गाडी म्हटल्यावर सगळ्यांना गंमतच वाटते. सरकारनेच ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेजचा दर्जा दिलाय, पण चौकीत तिला खटारा म्हणतात.

आता ग्राहक आयोगाची तयारी चाललीय. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ८,००० चा पुरावा मोबाईलमध्ये आहे. ७,७५० चा नाही, ते दुकानदारालाही माहीत आहे. जुना पार्ट तिथल्या तिथे मागून डिकीत टाका, भंगारात घालायचा असला तरी तुम्हीच घाला.

फियाटचा पितळी रेडिएटर कुणी विकायला आणला, तर खालच्या टाकीची डावी बाजू बघा. वडिलांनी तिथे खिळ्याने त्रिशूळ कोरलाय. दिसला तर आधी मला कळवा, दुकानदाराला विचारायला जाऊ नका.